शुक्रवार पेठेतल्या आठ तसबिरी

वाडा पाडून अपार्टमेंट उठवायचं ठरलं, की कोल्हापुरात दोन माणसं हमखास दारात येतात. एक जुनं सागवान घेणारा, दुसरा जुन्या तसबिरी घेणारा. शुक्रवार पेठेतल्या या घरात तसबिरीवाला आधी आला. माडीवरच्या आणि जिन्यातल्या मिळून आठ तसबिरींवरून त्यानं एकदा नजर फिरवली आणि "सगळ्याचे मिळून साठ हजार, रोख" असा भाव सांगितला. जिना उतरता उतरता लक्ष्मीच्या तसबिरीकडं बोट दाखवून म्हणाला, "ही ओरिजिनल रविवर्मा हाय. लंडनला गिऱ्हाईक हाय माझ्याकडं."

त्या एका वाक्यानं घरात तीन पक्ष पडले. थोरल्या भावाचं म्हणणं, तिघांत वीस-वीस हजार येतात, देऊन टाकू आणि मोकळं होऊ. धाकट्याचं म्हणणं, रविवर्मा असेल तर साठ हजार म्हणजे काहीच नाही, असली चित्रं कोटीत जातात. बहीण इचलकरंजीला दिलेली, तिचं एकच म्हणणं, "आईनं जन्मभर हळदीकुंकू वाहिलंय त्या लक्ष्मीला. इकायची कशी?"

मी छापील चित्रं जमवतो, हे धाकट्याला कुणीतरी सांगितलं होतं. बघायला जाण्यापूर्वी मी दोन अटी घातल्या. या घरातलं एकही चित्र मी स्वतः विकत घेणार नाही. आणि चित्रं चौकटीतून बाहेर काढून बघू देणार असाल तरच येईन. पहिली अट ऐकून थोरल्यांना माझ्याविषयी भरवसा वाटला. दुसरी ऐकून तो थोडा कमी झाला.

पालथी तसबीर

तसबीर हातात आली की आधी ती पालथी घालावी. समोरून चित्र काय वाटेल ते सांगतं; मागून चौकट कुणी, कधी, कशी बसवली ते कळतं. इथल्या सहा जुन्या तसबिरींच्या मागं एकाच धाटणीच्या पातळ देवदारी फळ्या होत्या आणि सांध्यांवर खळीनं चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या. एका पट्टीवर १९५३ साल स्पष्ट वाचता येत होतं. धाकट्यानं लगेच विचारलं, म्हणजे चित्र १९५३ चं? तसं नाही. १९५३ च्या आगेमागे ते या चौकटीत बसलं, इतकंच त्यावरून म्हणता येतं.

मग थोरल्यांना आठवलं. वडिलांच्या लग्नात माडी रंगवून घेतली, तेव्हा आजोबांनी सगळ्या तसबिरी एका मापाच्या करून घेतल्या होत्या. एका ओळीत, एका उंचीवर, एकसारख्या दिसाव्यात म्हणून. या माहितीनं माझं अर्धं काम केलं आणि अर्धी आशा मालवली. तसबिरी एका मापाच्या करायच्या म्हणजे फ्रेमवाला चौकट बदलत नाही, कागद कापतो. आणि कापतो तो कागद खालचाच, कारण तिथं नुसतं इंग्रजी लिहिलेलं असतं. त्या इंग्रजीत छापखान्याचं नाव, गाव, कधी चित्राचा क्रमांक, हक्क राखून ठेवल्याची ओळ असते. संग्राहकाच्या लेखी चित्राचा जन्मदाखला तोच.

'ओरिजिनल' कशाला म्हणायचं

राजा रविवर्मांनी (१८४८-१९०६) तैलरंगात रंगवलेलं चित्र एकच असतं, आणि ते बहुधा बडोदा, म्हैसूर, तिरुवनंतपुरम असल्या ठिकाणी राजघराण्यांच्या किंवा संग्रहालयांच्या भिंतीवर असतं. घरोघरी आहेत ते त्या चित्रांवरून दगडावर छापलेले कागद. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला, यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आणले. पुढं छापखाना घाटकोपरला गेला, मुंबईतल्या प्लेगनंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. नव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेला. म्हणजे रविवर्मा हयात असतानाच छापखान्याशी त्यांचा मालकीचा संबंध संपला होता, आणि ते गेल्यावरही त्यांच्या नावानं चित्रं निघत राहिली. १९७२ साली मळवलीच्या छापखान्याला आग लागली.

त्यामुळं 'रविवर्मा आहे' एवढ्यानं काहीच ठरत नाही. १८९० च्या दशकातला कागद असेल, तीस-चाळीस वर्षांनी निघालेला असेल, दुसऱ्याच छापखान्यानं केलेली नक्कल असेल, किंवा परवा महाद्वार रोडवर विकत घेतलेलं ऑफसेट, म्हणजे आजच्या यंत्रावर छापलेलं चित्र असेल. भिंतीवर चारही सारखीच दिसतात. फरक दिसतो तो भिंगाखाली.

दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग कोल्हापुरात सराफांच्या गुजरीत कुठंही मिळतं. ते चेहऱ्यावर, गालाच्या सावलीवर धरायचं. ऑफसेटमध्ये निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे चारच रंग, ठिपके शिस्तीत बसलेले आणि एकमेकांभोवती छोट्या फुलासारखी गोल नक्षी करणारे. दगडावरच्या छपाईत ही शिस्त नसते. कारागिरानं चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं हातानं ठिपके टिपलेले असतात; ते सांडलेल्या रव्यासारखे, कुठं दाट कुठं विरळ. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि तोच कागद तेवढ्या वेळा यंत्रातून काढायचा. म्हणून मांसल गुलाबी, फिका गुलाबी, विटकरी हे इथं वेगवेगळे रंग म्हणून दिसतात. चार रंगांची मिसळ म्हणून नाही. कडेला एखादा रंग केसभर सरकलेला सापडला तर तोही चांगलाच पुरावा.

लक्ष्मी

कमळात उभी चतुर्भुज लक्ष्मी, शेजारी हत्ती. हे रविवर्मांचं चित्र महाराष्ट्रातल्या निम्म्या देवघरांत आहे. या घरातल्या लक्ष्मीला मात्र कुणीतरी नटवलं होतं. पदरावर खरं रेशमी कापड कापून चिकटवलेलं, काठाला जर, मुकुटावर आणि कमरपट्ट्यावर टिकल्या. बहिणीनं सांगितलं, हे पणजीच्या हातचं काम. नऊवारीचा फाटका पदर आणि लग्नातल्या टिकल्या वापरल्या होत्या म्हणे.

व्यापाऱ्यानं याच कारणावरून भाव पाडायचा प्रयत्न केला होता: "टिकल्या लावून चित्र नासवलंय." तसं नाही. कापड-जर-टिकल्यांनी सजवलेल्या छापील तसबिरी हा एक स्वतंत्र प्रकारच आहे आणि त्याच शोधणारे संग्राहक आहेत. हजारो सारख्या प्रतींतली एक प्रत या कामानं एकमेव झाली. टिकल्या काढून 'मूळ चित्र' दाखवू असं कुणी म्हणालं तर त्याला चित्राला हात लावू देऊ नये.

त्या टिकल्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कमरपट्ट्याजवळची एक टिकली कधीतरी गळून पडली होती. तिच्या जागी डाळीएवढा गोल, आणि त्या गोलात साडीचा गुलाबी रंग जसाच्या तसा ताजा. आजूबाजूची साडी विटून चहाच्या डागाच्या रंगाची झालेली. काही उन्हानं, काही वरचं व्हार्निश पिवळं पडल्यानं. ही चित्रं तैलचित्रासारखी चकाकावीत म्हणून छापल्यावर त्यांना व्हार्निश देत, काहींवर कॅनव्हासची वीणही दाबून उठवत. म्हणून त्यांना ओलिओग्राफ म्हणतात. तिघेही भिंगातून तो गोल आळीपाळीनं बघत राहिले. थोरले पहिल्यांदाच व्यवहार सोडून काहीतरी बोलले: "एवढी लाल होती व्हय साडी?"

आता निकाल. ठिपके दगडावरचे, रंग भरपूर, व्हार्निश आहे, रेखाटन कसलेल्या हातचं. पण खालचा कागद १९५३ च्या कात्रीनं गेलेला, आणि उरलेला कागद सरसानं पुठ्ठ्यावर पक्का डकवलेला. जुनी शिळाछाप प्रत आहे हे नक्की. रविवर्मा प्रेसचीच, असं छातीठोक म्हणायला पुरावा उरलेला नाही. 'ओरिजिनल रविवर्मा' हे शब्द पावतीवर लिहून द्यायला त्या व्यापाऱ्याला सांगा, असं मी सुचवलं. धाकट्यानं फोन लावला. व्यापारी म्हणाला, पावतीचं नंतर बघू.

मोहिनी

खरी लॉटरी जिच्याकडं कुणी बघितलंही नव्हतं तिची निघाली. जिन्याच्या अंधाऱ्या भिंतीवर झुल्यावर बसलेली मोहिनी होती. बाई एकटी, केस मोकळे, देवघरात लावण्यासारखं चित्र नव्हे. म्हणून तिला जिन्यात टाकलेली. चित्र इतर तसबिरींच्या मापापेक्षा लहान असल्यामुळं फ्रेमवाल्याला कापायची गरजच पडली नव्हती. उलट चौकट भरावी म्हणून त्यानं भोवती निळ्या कागदाची पट्टी लावली, आणि त्या पट्टीखाली खालचा समास सुखरूप राहिला. पट्टी बाजूला झाली तेव्हा बारीक इंग्रजी अक्षरं दिसली: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. म्हणजे छापखाना मळवलीला गेल्यानंतरची प्रत. अंधारात राहिल्यानं रंगही टिकलेले.

दुखणं एकच. डाव्या खालच्या कोपऱ्यात चित्र काचेला चिकटलं होतं. २०१९ च्या पुरात जामदार क्लबकडून पाणी आलं तेव्हा तळमजला बुडाला. जिन्यातल्या भिंतीनं ती ओल वर ओढली आणि काच-कागद एकमेकांना धरून बसले. चित्र काचेला भिडवून बसवायची आपल्याकडची पद्धत इथं नडते. मध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी असती तर ओल आली तरी हवा खेळली असती.

धाकट्यानं ब्लेड आणायची तयारी दाखवली. चिकटलेलं चित्र ओढायचं नाही, ब्लेड घालायचं नाही, वाफ द्यायची नाही. रंग काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काच न हलवता, चित्र वर आणि काच खाली अशी आडवी ठेवून कागद-संवर्धकाकडं नेणं, एवढंच घरच्या माणसाचं काम. आम्ही तसंच बांधून ठेवलं.

बाकीच्या

दत्ताची तसबीर नृसिंहवाडीहून आणलेली, ऑफसेट. शिवाजी महाराजांचं चित्र जी. कांबळे यांचं. या कोल्हापूरच्याच चित्रकाराचं ते चित्र राज्य सरकारनं मान्य केलेलं, म्हणून सरकारी कचेरीपासून तालमीपर्यंत सगळीकडं. इथली प्रत ऑफसेट, विकून हाती काही येणार नाही, आणि विकावी असं कुणाला वाटतही नव्हतं. अंबाबाईचा रंगवलेला फोटो, शाहू महाराजांचा फोटो: या फोटोग्राफीच्या गोष्टी, त्यांची पारख वेगळी. शाहू महाराजांच्या फोटोमागं स्टुडिओचा शिक्का होता. तो फोटो जाणकाराला दाखवा म्हणून बाजूला ठेवला.

बासरीवाला कृष्ण मात्र चांगला निघाला. जाड, तुकतुकीत कागद, सोनेरी शाई, कोपऱ्यात 'जर्मनीत छापलेले' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. आपल्या देवांची चित्रं त्या काळी जर्मनीत छापून इकडं विकायला येत. अशी ओळ बघून पुष्कळ लोक चित्र 'परदेशी' म्हणून बाजूला टाकतात, टाकू नये.

आणि याच कृष्णाच्या मागं, फळी आणि चित्र यांच्यामध्ये, पाठीला आधार म्हणून फ्रेमवाल्यानं एक जुना कागद घातला होता. उलटा. सरळ केला तर अर्धं रामपंचायतन: लक्ष्मण, सीतेचा हात, मारुतीची शेपटी, आणि खाली मराठीत चित्रशाळेचं नाव. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात सुरू केलेली ती चित्रशाळा. रविवर्मांच्या छापखान्याच्या सोळा वर्षं आधी मराठी घरांत रंगीत देव तिनं पोचवले. राम मध्यावरून कापलेला, दुसरा अर्धा बहुधा दुसऱ्या कुठल्या तसबिरीच्या पाठीला गेला. फळीच्या सांध्याची एक तपकिरी रेघ लक्ष्मणाच्या छातीवरून गेलेली; लाकडातलं आम्ल कागद असा जाळतं. बाजारात या तुकड्याला भाव नाही. पण व्हार्निश नाही, ऊन लागलेलं नाही, समास शाबूत. चित्रशाळेचे रंग छापून निघाले तेव्हा कसे दिसत असतील, ते घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कागदापेक्षा हा अर्धा कागद नीट सांगतो. थोरल्यांनी विचारलं, या फाटक्या कागदाचं काय करायचं? मी म्हटलं, टाकू नका, आणि पुन्हा कशाच्या मागंही घालू नका.

जाता जाता जुनी पोस्टकार्डं आहेत का असंही विचारलं. महादेव विश्वनाथ धुरंधर जन्मानं कोल्हापूरचे (१८६७), त्यांची रंगीत पोस्टकार्डं एकेकाळी भरपूर खपली. रद्दीत गेली, असं उत्तर आलं. बहुतेक घरांत हेच येतं.

नातवाचं 'लिथोग्राफ'

आठवी तसबीर जुनी नव्हती. थोरल्यांच्या मुलानं पुण्यात नोकरी लागल्यावर ऑनलाइन मागवलेलं आधुनिक चित्र, 'लिमिटेड एडिशन लिथोग्राफ', सोबत प्रमाणपत्र, खाली पेन्सिलनं ११२/५००, म्हणजे पाचशे प्रतींतली एकशेबारावी. आजोबांच्या चित्रांत चूक होऊ शकते, पण हे तर प्रमाणपत्रासह आहे, असा त्याचा विश्वास.

आधुनिक लिथोग्राफमध्ये चित्रकार स्वतः दगडावर किंवा पत्र्यावर काढतो, ठरलेल्या प्रती छापून घेतो, प्रत्येक प्रतीवर पेन्सिलनं सही आणि क्रमांक घालतो, आणि मग दगड घासून टाकतात. भिंगाखाली या चित्रात दगडावरचे ठिपकेही नव्हते आणि ऑफसेटची फुलंही नव्हती. नुसता बारीक फवारा. म्हणजे संगणकाच्या इंकजेट छपाईची प्रत, उत्तम सुती कागदावर. सही भिंगाखाली धरली तर तीही त्याच फवाऱ्याची. क्रमांक तेवढा खऱ्या पेन्सिलचा, पण तो कुणीही घालू शकतो. वस्तू वाईट नाही, शंभर वर्षांनी कदाचित लक्ष्मीपेक्षा बऱ्या रंगात असेल. पण लिथोग्राफच्या भावानं घेतलेली आहे, आणि ती लिथोग्राफ नाही. प्रमाणपत्रावर छपाईची पद्धत, कागद आणि सही हाताची की छापील हे लिहिलेलंच नव्हतं. चित्र घेण्यापूर्वी विक्रेत्याला हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच. मुलानं ते तीन प्रश्न त्याच रात्री पाठवले.

वाटणी

थोरल्यांना शेवटी हिशोब हवा होता. 'सगळ्याचे मिळून' हा भावच मुळात फसवा असतो. व्यापाऱ्याला एक-दोन वस्तू हव्या असतात आणि बाकीच्यांच्या गर्दीत त्यांची किंमत लपवायची असते. इथं त्यानं तारीफ लक्ष्मीची केली. मला शंका, त्याची नजर जिन्यातल्या मोहिनीवर होती.

म्हणून तीन वाटे केले. ज्यांची बाजारात किंमत नाही पण घरात आहे: दत्त, अंबाबाई, शिवाजी महाराज. जे विकता येईल, पण प्रत्येक स्वतंत्र भावानं आणि पावतीवर नेमकं वर्णन लिहून: मोहिनी आणि कृष्ण. आणि जे पैशात मोजून भांडण वाढेल ती लक्ष्मी. धाकट्याला कोटीचं स्वप्न सोडवेना. हजारोंनी छापलेल्या कागदाची आणि एकाच तैलचित्राची तुलना होत नाही हे त्याला पटलं, पण लगेच नाही. लिलावांचे जुने निकाल फोनवर स्वतः वाचल्यावर पटलं.

लंडनच्या गिऱ्हाइकाबद्दलही बोलावं लागलं. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षं झालेली कलावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि रविवर्मांच्या मूळ कलाकृती तर १९७९ पासून राष्ट्रीय संपदा म्हणून जाहीर झालेल्या आहेत. एखादा कागद शंभरीच्या आतला आहे असं म्हणायचं तर ते ठरवणार पुरातत्त्व खातं, तसं प्रमाणपत्र देऊन. तेव्हा गिऱ्हाईक लंडनचं असो वा न्यूयॉर्कचं, मोहिनीनं शंभरी ओलांडलेली असेल तर तिला त्याच्यासाठी विमानात बसवणं म्हणजे गुन्हा. थोरले एकदम सावध झाले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. 'गुन्हा' हा शब्द त्यांना भावापेक्षा लवकर कळतो.

लक्ष्मी बहिणीकडं गेली. तिच्या बदल्यात तिनं बाकीच्यांवरचा हक्क सोडला, तसं साध्या कागदावर लिहून सह्या झाल्या. चित्र पुठ्ठ्यावरून सोडवायचा हट्ट करू नका, असं मी तिला सांगितलं; टिकल्यांसह ते सोडवणं जोखमीचं. मागची फळी काढून आम्लविरहित पुठ्ठा, चित्र आणि काच यांच्यात टिकल्यांना लागणार नाही इतकं अंतर, आणि गळून पडलेल्या दोन टिकल्या पाकिटात घालून चौकटीच्या मागं चिकटवलेल्या. इचलकरंजीच्या घरात पश्चिमेच्या भिंतीवर लावायची नाही, स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर नाही, समोर ट्यूबलाइट नाही. कागदावरच्या चित्राला संग्रहालयात ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड देत नाहीत. देवघरातली समई त्या मानानं सोसवते, फक्त काजळी बसणार नाही इतकी लांब हवी. हळदीकुंकू काचेवर लावायला हरकत नाही, असं सांगितल्यावर ती मोकळी झाली. चित्रावर लावायचं नाही.

मोहिनी संवर्धकाकडं आहे. कोपरा सुटला की विकायची की नाही हे भाऊ ठरवतील. व्यापाऱ्याचा पुन्हा फोन आला होता, आणि या वेळी त्यानं लक्ष्मीचं नावही काढलं नाही. जिन्यातल्या त्या लहान चित्राचे पंचवीस हजार देतो म्हणाला. धाकट्यानं त्याला खालच्या समासावर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं आणि पावतीवर तेच लिहून द्यायला सांगितलं. तो पस्तीसवर आला. थोरले म्हणतात द्यावी. धाकटा म्हणतो काच सुटेपर्यंत थांबू.